हरभऱ्याची आंब आणि मळीचे आम्ल

पौषातल्या पहाटे हरभऱ्याच्या वावरातून गेले असता धोतराचा सोगा भिजतो व पाय चुरचुरू लागतात. ही आंब होय. जुनी मंडळी रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरीत, पहाटे ते पिळून घेत आणि पोटदुखीवर आंब जपून ठेवीत.

या आंबेत मुख्यत्वे मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले असतात. चिंचेतील टार्टारिक, लिंबातील सायट्रिक व शिरक्यातील असेटिक ही त्यांचीच भावंडे. या कुळास कार्बोक्सिलिक आम्ले म्हणतात.

यांपैकी असेटिक आम्ल उसाच्या मळीपासूनही करता येते. कोपरगाव तालुक्यात साकरवाडी येथे करमशी जेठाभाई सोमैया यांनी १९३९ साली साखरधंदा आरंभिला. पुढे तेथे अल्कोहोलापासून रसायनेही होऊ लागली. रीत अशी : यीस्टच्या योगे मळी आंबवून अल्कोहोल काढावयाचे, त्याची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून नेऊन असेटाल्डिहाइड करावयाचे व त्यास हवेतील ऑक्सिजन देऊन आम्ल करावयाचे. जगात मात्र हे आम्ल बहुतांशी मिथेनॉल व कार्बन मोनॉक्साइड यांपासून होते.

वनस्पतीस भट्टी लागत नाही. पाने हवा, पाणी व ऊन यांपासून साखर करतात. श्वसनात ती मोडताना सायट्रिक, मॅलिक अशी आम्ले क्रमाने होतात. हे चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली उलगडले.

ही आम्ले हरभरा कामास लावतो. मुळांतून पाझरणारी आम्ले चुनखडीच्या जमिनीत अडकलेला स्फुरद सोडवितात. पानांवरील बारीक केसांतून आंब स्रवते. तीतील ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते, असे प्रयोगांत आढळले आहे.

परंतु आंब पाण्यात विरघळते. अवकाळी पावसाच्या एका सरीने ती धुपून जाते व नवी स्रवेपर्यंत पिकाची राखण उणी पडते. म्हणून आमच्या वाचकांस आग्रहाचे सांगणे, की पाऊस उघडताच ओळीओळीने फिरून शेंडे व कोवळे घाटे पाहावे. अळी नसता औषध मारण्यात पैसा जातो. अळी असता स्वस्थ बसण्यात पीक जाते. फुलोऱ्याच्या आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा व पक्ष्यांस बसावयास वावरात काठ्या रोवाव्या.

कारखान्यातील आम्लाचा हिशेब तेथील कारभारी ठेवतात. वावरातील आंबेचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे.