वेबसाइट तयार, पैसे मात्र अडकलेले! गावात बसून वेब डिझाइनचं काम नेमकं चालतं कसं?

घरात बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्या पोराला गावात दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. एक, "नोकरीला कधी लागणार?" आणि दुसरा, "वेबसाइट बनवायचे किती घेतोस? दोनेक हजारांत होत असेल ना?" सोयरिकीच्या बैठकीत तर "मुलगा वेबसाइट बनवतो" एवढं सांगून भागतच नाही. कंपनी कुठली, पगार किती, हे विचारलं जातंच. कंपनी नाही, पगार नाही, पण काम आहे, अशी ही तऱ्हा. याला फ्रीलान्सिंग म्हणतात.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ही रोजंदारी नव्हे, उक्तं काम. गवंडी जसा खोलीचं बांधकाम उक्तं घेतो, तसा वेब डिझायनर वेबसाइटचं काम अंगावर घेतो. लॅपटॉप त्याचा, इंटरनेट त्याचं, लाइट गेली तर इन्व्हर्टरही त्याचाच. ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यात कमाई नाही. पीएफ नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही.

वेबसाइट तीन गोष्टींवर उभी राहते. पहिलं, नाव म्हणजे डोमेन. दुसरं, ती वेबसाइट ठेवायची जागा म्हणजे होस्टिंग. तिसरं, प्रत्यक्ष बांधकाम, म्हणजे डिझाइन. पहिल्या दोन गोष्टी भाड्याच्या असतात, मुदत संपली की पैसे भरून नूतनीकरण करावं लागतं. हे ग्राहकाला आधी सांगितलं नाही, तर वर्षाने "परत कसले पैसे?" म्हणून वाद ठरलेला. अशा वादात चूक बहुतेक वेळा डिझायनरची असते. त्याने काम मिळवण्याच्या घाईत ती गोष्ट सांगितलेलीच नसते.

समजा, एका शेतकऱ्याला हुरडा पार्टीसाठी वेबसाइट हवी आहे. हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, म्हणजे वेबसाइट दिवाळीपर्यंत चालू व्हायला पाहिजे. लोकांना वाटतं डिझायनर लगेच कोडिंगला बसतो. खरं तर त्याचा निम्मा वेळ माहिती गोळा करण्यात जातो. "दादा, फोटो पाठवा." "पाठवतो उद्या." तो उद्या पंधरा दिवसांनी उजाडतो. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर साधेच पाठवले तर ते दाबले जातात, मोठ्या स्क्रीनवर फुटतात. तेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर मूळ दर्जाचे पोहोचतात. एवढी एक गोष्ट ग्राहकाने पाळली तरी दोन-चार फेऱ्या वाचतात.

मग मजकूर. पत्रक छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून फाइल येते ती अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली. छापायला ती झकास, पण वेबसाइटवर टाकली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. इंटरनेटला युनिकोड मराठी लागते. मग कन्व्हर्टरमधून मजकूर फिरवायचा, आणि त्यात मोडलेली जोडाक्षरं, रफार, वेलांट्या हाताने दुरुस्त करायच्या. बिलात या कामाची ओळ नसते.

डिझाइन झालं की ते साध्या, स्वस्त मोबाइलवर आणि कमी रेंजमध्ये उघडून बघावं लागतं. हुरड्याला येणारा माणूस पत्ता शोधतो तो रस्त्यात, फोनवर. मोठ्या स्क्रीनवर देखणी दिसणारी वेबसाइट तिथे उघडलीच नाही तर फोन नंबर आणि नकाशा कितीही मोठा टाकून काय उपयोग?

यानंतर सुरू होतात बदल. "लोगो जरा मोठा कर." "हिरवा नको, भगवा कर." "आमच्या मेव्हण्याने बघितलं, त्याला पहिलंच बरं वाटतंय." प्रत्येक बदल ग्राहकाच्या लेखी दोन मिनिटांचा असतो. म्हणून जाणते डिझायनर काम सुरू करण्याआधीच लिहून देतात: पानं किती, बदलांच्या फेऱ्या किती, त्यापुढे दर काय. यासाठी स्टॅम्प पेपरच हवा असं नाही. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर सगळं स्पष्ट लिहून ग्राहकाचं "मान्य" आलं तरी हातात काहीतरी पुरावा राहतो. तोंडी ठरलेल्या कामात तोही नसतो. हक्कांचं मात्र वेगळं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार डिझाइनचे हक्क ग्राहकाच्या नावावर करायचे तर सहीचा लेखी कागद लागतो, नुसते पैसे दिले म्हणून ते आपोआप जात नाहीत.

खरी दमछाक वसुलीची

काम हाती देताना "बाकीचे पुढच्या आठवड्यात देतो" हे वाक्य या धंद्यात सगळ्यात महाग पडतं. ओळखीतलं गिऱ्हाईक असलं की अवघडच. मामाच्या मित्राला तगादा कसा लावणार? त्यामुळे पैशाचे टप्पे आधीच पाडलेले बरे. समजा काम ३० हजारांचं आहे, तर १० हजार सुरुवातीला, १० हजार डिझाइन पसंत पडल्यावर आणि उरलेले १० हजार वेबसाइट चालू करण्याआधी.

एवढं करूनही पैसे अडकले तर? अनेक पोरांना माहीतच नसतं, की एकट्याने काम करणारा डिझायनरसुद्धा सरकारी व्याख्येत सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी लागते. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. एजंट पैसे मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार अशा नोंदणीकृत व्यावसायिकाकडून सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे असतात, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. तक्रार ऑनलाइन करता येते. ती सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जाते. मात्र नोंदणी काम घेण्याआधीचीच हवी, पैसे बुडाल्यावर धावपळ करून फायदा होत नाही. प्रत्येक बाकीसाठी कोणी परिषदेपर्यंत जात नाही हे खरं, पण बिलावर उद्यम नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली असली की काही गिऱ्हाइकं आपोआप सरळ येतात.

जीएसटीबद्दलही गोंधळ असतो. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. आणि ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही त्याने बिलात जीएसटी लावायचा नसतो. कुणी लावला तर ग्राहकाने नंबर मागावा.

परदेशी गिऱ्हाईक मिळालं की डॉलर मिळतात, पण तिथेही कापाकापी आहे. फायवरसारखी वेबसाइट कमाईतले २० टक्के ठेवून घेते. १०० डॉलरचं काम केलं तर हातात ८०, त्यावर रूपांतराचा खर्च वेगळा. आणि आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे दहा झालेले असतात. म्हणजे गाव जेवून झोपायला लागतं तेव्हा याची मीटिंग सुरू. गावातल्या लोकांना मग पोरगं सकाळी नऊला उठताना दिसतं.

या गरजेचा फायदा उठवणारे भामटेही आहेत. "मोठं काम देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" असा मेसेज आला की समजायचं, काम नाहीच. "अॅडव्हान्स पाठवलाय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" हीही फसवणूकच. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

नाव कोणाच्या नावावर?

वेबसाइट बनवून घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आजच तपासावी. सोय म्हणून डिझायनर अनेकदा डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतो. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. पण वर्षाने तोच पोरगा पुण्यात नोकरीला लागतो, नंबर बदलतो, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते. मुदत उलटून गेली की काही काळाने ते नाव बाजारात मोकळं होतं आणि दुसरं कोणीही घेऊ शकतं. हुरड्याच्या बॅनरवर, गाडीच्या मागे, बिलबुकावर तेच नाव छापलेलं असतं.

जमीन घेताना सातबारा बघतो तसंच इथेही बघायचं. डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइलवर आणि तुमच्याच ईमेलवर घेतलंय का? त्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का? मुदत कोणत्या महिन्यात संपते? डिझायनरला पुढचे बदल करायला वेगळं लॉगिन देता येतं, त्यासाठी मालकी त्याच्याकडे ठेवायची गरज नाही. आणि त्याची शेवटच्या हप्त्याची बाकी राहिली असेल, तर पासवर्ड मागायला फोन करताना तीही सोबत चुकती करावी.