तलवारीला धार लावणारी

गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलांनीं आमच्या दिवाणखान्यांत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाचा डाव मांडला होता. प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावयाचें, एकानें सूत्रधार होऊन प्रसंग सांगावयाचा, आणि फांसे पडतील तसें कथानक पुढें न्यावयाचें, असा हा खेळ. माझ्या पुतणीनें हौसेनें लोहाराची भूमिका घेतली. तीन तास लढाया झाल्या. तिच्या वांट्यास काय आलें, तर एकदां दुसऱ्याच्या तलवारीला धार लावणें! पोर हिरमुसली, आणि तिचें कांहीं चुकलें असें मला वाटलें नाहीं.

दोष खेळाच्या कुळींतच आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं निघाला, तो युद्धाच्या पटखेळांतून. आरंभीं त्यांत योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक हे तीनच वर्ग होते, आणि पात्राची बढती होई ती राक्षस मारून व द्रव्य लुटून आणून. ऐरणीपाशीं घाम गाळणारास बढती कोठून मिळणार? १९७९ च्या सूत्रधारासाठीं काढलेल्या ग्रंथांत लोहार व शस्त्रकार आले खरे, पण पगारी नोकर म्हणून! २००४ सालीं 'एबेरॉन' या कल्पित जगाबरोबर 'आर्टिफिसर' हा मंतरलेल्या वस्तू घडविणारा वर्ग आला. तथापि त्याचेंहि कसब बहुधा रणांतच खर्ची पडतें.

अत्सुहिरो ओकादा या जपानी रचनाकारानें मात्र 'र्‍यूतामा' या आपल्या खेळांत (२००७) ही गांठ सोडविली. गायक, व्यापारी, शिकारी, वैद्य, शेतकरी, कारागीर व उमराव असे त्यांत सात वर्ग. योद्धा हा वर्गच नाहीं. लढाया आहेत, परंतु खरा शत्रु म्हणजे वाट. भूमि व हवामान यांवरून दिवसाची अवघडता ठरते. चालण्याचा फांसा फसला कीं अंगची शक्ति निम्म्यावर येते! पायांत काय आहे, खांद्यावर काय आहे, शिदोरी किती उरली, याला तेथें किंमत आहे. वस्तूंना झीज आहे. म्हणून मोडलेलें सांधणारा हात सर्वांनाच हवासा होतो. शेतकरी इतरांहून जास्त जनावरें बाळगूं शकतो, आणि लांबच्या प्रवासांत ओझ्याचें जनावर म्हणजे काय, हें कोणाला सांगावयास नको.

हें सर्व मी पुतणीला सांगितलें. तिनें एवढेंच विचारलें, "काका, त्यांत फाटलेले जोडे मला दुरुस्त करतां येतील ना?"

येतील, म्हटलें. नाताळच्या सुटींत ती पुन्हां येणार आहे.