रविवारी गल्ली ओस

गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय, खाली दुसरा ओरडतोय, ‘मुंग्याच दिसतायत अजून!’ दूरदर्शनच्या जमान्यातली रविवार सकाळ अशीच सुरू व्हायची.

१९९३ मध्ये ‘जंगल बुक’ आलं. मालिका मूळची जपानी, पण शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा! पोरं आंघोळी उरकून पडद्यासमोर हजर. १९९७ मध्ये ‘शक्तिमान’ अवतरला आणि तो साकारणारे मुकेश खन्ना घराघरातले झाले.

क्रिकेटवेड्यांचाही वार शनिवार-रविवारच. २५ जून १९८३, शनिवार. विश्वचषकाचा अंतिम सामना, लॉर्ड्सवर भारताच्या १८३ धावा, तरी वेस्ट इंडिज १४० वर गारद. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दाराशी त्या रात्री चपलांचा ढीग.