गोरट्याचं स्मारक

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याणच्या परिसरात गोरटा गाव आहे. आता ते उंच झेंड्यामुळे दुरूनच ओळखू येतं. झेंडा 103 फुटी, जवळ सरदार पटेलांचा पुतळा आणि 1948 साली रझाकारांनी मारलेल्या गावकऱ्यांचं स्मारक. पायाभरणी अमित शहांनी 17 सप्टेंबर 2014 ला केली, उद्घाटनही त्यांनीच केलं, 26 मार्च 2023 ला. पुढे दीड महिन्यात विधानसभेचं मतदान होतं, हे आमच्याकडच्या पारावर कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. तरी स्मारक झालं हे बरंच झालं. गावानं पाऊणशे वर्षं वाट पाहिली होती.

माझं घर याच पट्ट्यातलं. घरात मराठी, बाजारात कानडी, जुन्या माणसांच्या तोंडी दखनी. आजी पोरांची वयं "रझाकारीच्या आदल्या साली", "कारवाईनंतर" अशी सांगायची. त्यामुळे गोरट्याची गोष्ट मला पुस्तकाआधी चुलीपाशी कळली.

देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. निजाम मीर उस्मान अली खानला हैदराबाद वेगळं ठेवायचं होतं. त्याच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या झाला लातूरचा वकील कासिम रझवी. विरोधात स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस होती. तिचे कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून लढत. भोगलं मात्र मधल्या गावांनी. मे 1948 मध्ये गोरट्यावर हल्ला झाला. घरं लुटली, जाळली. मेलेल्यांचा आकडा दोनशेच्या वर सांगतात.

सगळे मुसलमान म्हणजे रझाकार, असा सोपा हिशेब आमच्याकडे पुढे होऊन बसला. पण 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा हैदराबादेत खून झाला. तो रझाकारांनीच केला.

13 सप्टेंबरला भारताची फौज सोलापूरकडून आत शिरली. हीच आजीची "कारवाई". नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, जहिराबाद. आज मुंबई-हैदराबाद एसटी पळते त्याच वाटेनं. 17 तारखेला निजामानं हार मानली. हाच दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन, आमच्याकडे कल्याण कर्नाटक उत्सव. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याच्या बाजूला गेले, आम्ही कर्नाटकाच्या बाजूला राहिलो. आता भाच्यांची शाळा त्याच दिवशी एका राज्यात, माझी दुसऱ्या राज्यात झेंडावंदन करते.

इथवर झेंडावंदनाच्या भाषणात असतं. यापुढचं नसतं.

फौजेमागोमाग सूड आला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला धाडलं. नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरली. तिच्या अंदाजानं 27 ते 40 हजार माणसं मारली गेली होती, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. प्रेतांनी भरलेल्या विहिरींची नोंद अहवालात आहे. सरकारनं तो छापला नाही. कित्येक दशकं तो दप्तरातच पडून होता.

या मेलेल्यांची पाटी मी आमच्या भागात कुठे पाहिली नाही. असं बोललं की लगेच विचारतात, "मग गोरट्याचे मेले ते खोटे का?" खोटे कसे असतील? त्यांच्या घरचे लोक अजून गावात आहेत. पण बिदर जिल्ह्यानं मे महिन्याचं सुतक पाळायचं आणि सप्टेंबरचं नाही, हे मला पटत नाही. गोरट्याला शाळेची सहल नेणाऱ्या मास्तरानं मुलांना दोन्ही सांगायला हवं. कुठून सुरुवात करावी असं वाटलं तर त्याच अहवालात एक जागा आहे: शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून शेजारी वाचवले, एका धंद्यातल्या लोकांत हा जिव्हाळा जास्त दिसला, हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिले.