घरदुरुस्तीचा एकहाती धंदा

आपल्या समाजातील घरांतून हल्ली दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात. पहिली अशी की, न्हाणीघरातील नळ गळतो, दाराची कडी लागत नाही, परंतु आठ दिवस निरोप धाडूनही माणूस येत नाही. दुसरी अशी की, मुलाने पदवी घेतली, अर्ज करकरून थकला, परंतु नोकरी मिळत नाही. कित्येकदा या दोन्ही तक्रारी एकाच घरातून, एकाच बैठकीत ऐकावयास मिळतात. मात्र पहिल्या तक्रारीत दुसरीचे उत्तर असू शकेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. संस्थेच्या या महोत्सवी अंकाच्या निमित्ताने त्या उत्तराचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बडोद्याच्या मराठी माणसास हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले, ते हाताच्या विद्येला शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले. पुढे हेच कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्याशाखा झाले. असे असूनही दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील आपल्या घरांत मुलाने हाती करवत धरली की वडिलांचा चेहरा उतरतो. कारकुनी प्रतिष्ठेची आणि कारागिरी कमीपणाची, ही समजूत आपणांस किती महाग पडली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

धंद्याचे स्वरूप

हा धंदा म्हणजे किरकोळ दुरुस्तीचा. नळाचा वॉशर किंवा तोटी बदलणे, फ्लशची टाकी दुरुस्त करणे, फुगलेल्या दाराला रंधा मारणे, बिजागऱ्या व कुलपे बसविणे, भिंतीला भोके पाडून फळ्या व पडद्यांचे दांडे लावणे, फुटलेली लादी बदलणे, निखळलेला गिलावा भरणे. ही कामे इतकी लहान असतात की मोठा ठेकेदार त्यांकडे ढुंकून पाहत नाही. घरमालकास मात्र ती रोज छळतात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी ८६,४०० थेंब, म्हणजे चार-पाच लिटर पाणी घालवितो. आणि ज्या घरी मुले पुण्याला किंवा परदेशी असून मागे वृद्ध जोडपे राहिले आहे, तेथे असा भरवशाचा माणूस म्हणजे मोठाच आधार होय.

भांडवल फारसे लागत नाही. निरनिराळे पाने, पक्कड, पेचकस, हातोडी, करवत, रंधा, पटाशी, लेव्हल, टेप, टेस्टर, विजेचे ड्रिल आणि एक भक्कम पिशवी एवढ्यावर आरंभ होतो. दुचाकी असल्यास उत्तम. परंतु शिक्षण मात्र हवे. आय.टी.आय.मध्ये नळकाम, वीजकाम, सुतारकाम यांचे वर्ग असतात. त्यानंतर निदान वर्षभर एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काढावे. पुस्तकात नसलेली गोष्ट तेथे कळते, ती म्हणजे हात घालण्यापूर्वी कारण शोधणे.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाने स्वतः एकदा मार खाल्लेला आहे. एका आजींच्या घरी छताला ओल आली होती. गिलावा खरवडून नवा भरला, रंग दिला, पैसे घेतले. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा हजर! वर गच्चीत जाऊन पाहिले तेव्हा पावसाच्या पाण्याचे भोक पाचोळ्याने बुजलेले आढळले. दहा मिनिटांच्या साफसफाईचे काम. पण ते न पाहता दोन दिवस भिंतीशी झुंजलो होतो. पैसे परत करू लागलो तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे बाळा, आधी गच्चीवर गेला असतास तर दोघांचेही वाचले असते." तेव्हापासून पिशवी उघडण्यापूर्वी पाण्याची वाट शोधण्याचा नेम केला.

दर कसा ठरवावा

असे धंदे बुडतात ते बहुधा कामाच्या अभावी नव्हे, तर चुकीच्या हिशेबापायी. उदाहरणादाखल आकडे घेऊ. घरखर्चास महिना २४,००० रुपये हवेत. महिन्याचे २४ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १९२ तास. तेव्हा तासाला १२५ रुपये घेतले की झाले, असे नवखा तरुण समजतो.

परंतु आठही तास कमाईचे नसतात. जाणे-येणे, सामान आणणे, काम पाहून अंदाज सांगणे, यांत तीन तास सहज जातात. उरले पाच, म्हणजे महिन्याचे १२० तास. शिवाय पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज, आजारपणासाठी बाजूस ठेवावयाची रक्कम यांचे ६,००० धरा. एकूण ३०,००० रुपये १२० तासांत मिळावयाचे तर दर पडतो तासाला २५० रुपये, म्हणजे बरोबर दुप्पट! जो १२५ नेच काम करतो त्याच्या हाती १५,००० येतात आणि खर्च वजा जाता घरी ९,००० पोहोचतात. वर्षभरात तो कंटाळून धंदा सोडतो आणि "यात काही राम नाही" असे सांगत फिरतो.

यावरून आणखी एक नियम निघतो. वॉशर दहा रुपयांचा असला तरी जाण्या-येण्याचा वेळ लागतोच. म्हणून भेटीचा एक किमान आकार ठरवावा आणि तो आधीच, फोनवरच सांगावा. गिऱ्हाइकास दराचा राग येत नाही. राग येतो तो काम झाल्यावर वाढलेल्या दराचा.

न घ्यावयाची कामे

एकट्या माणसाने "नाही" म्हणावयास शिकणे अत्यंत अवश्य आहे. विजेच्या बाबतीत तर हा कायद्याचाच भाग आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू मूळ जोडणीत फरक न करता बदलण्यापलीकडचे वीजकाम परवानाधारक ठेकेदारानेच करावयाचे असते. जे किरकोळ काम करावयाचे तेही मेन स्विच बंद करून. टेस्टर चालतो की नाही, हे आधी चालू असलेल्या जागी पडताळून पाहावे. बिघडलेला टेस्टर मेलेल्या तारेसारखाच गप्प राहतो. गॅसची नळी, खांब-तुळईच्या भेगा आणि उंच इमारतीचे बाहेरचे काम यांनाही हात लावू नये.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा याची कसोटी लागली. पाणी ओसरल्यावर घरोघरी दारे फुगलेली, बिजागऱ्या गंजलेल्या, स्विचबोर्डांत चिखल. अशा वेळी "एवढा पंखा चालू करून द्या हो" म्हणून विनवणाऱ्यास "आधी पूर्ण वाळू द्या, मग परवानाधारकाकडून तपासून घ्या" असे सांगणे जड जाते. पण तेच खरे हिताचे. अशा दिवसांत दुप्पट दर मागण्याचा मोहही होतो. ज्याने नेहमीचाच दर घेतला त्याचे नाव त्या घरात कायमचे राहते.

वही आणि विश्वास

दुसऱ्याच्या घराची किल्ली आपल्या हाती येणे, हीच या धंद्याची खरी पत. ती जाहिरातीने मिळत नाही. वेळ सांगितली की पाळावी. उशीर होणार तर कळवावे. सामानाची पावती दाखवावी, काढलेला जुना भाग मालकापुढे ठेवावा, निघताना केर काढावा. मोठ्या सामानाचे पैसे आधी घ्यावेत, मजुरी काम झाल्यावर. प्रत्येक घराची एक नोंद ठेवावी : पाण्याचा मुख्य कॉक कोठे, नळाचा व्यास किती, कुलूप कोणत्या मापाचे, कोणते काम कधी केले. पुढच्या खेपेस योग्य सामान घेऊनच जाता येते आणि एक फेरी वाचते.

नोंदणी व साहाय्य

सरकारदरबारची कामे वाटतात तितकी किचकट नाहीत. २०२० पासूनची उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. केवळ सेवा देणाऱ्यास वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असल्यास साधारणतः जी.एस.टी.ची नोंदणी लागत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, गवंडी व कुलूप-कारागीर यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळी रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या हप्त्यात एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. सरकारी नोकराच्या कुटुंबास मात्र ती लागू नाही. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा तर कोणीही चुकवू नये. एकट्याच्या धंद्यात हात मोडला की दुकानच बंद होते. अपघाती मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास या विम्याचे दोन लाख निदान घराला सावरतात.

शेवटची विनंती

आपल्या संस्थेसारख्या धर्मादाय संस्था गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करतात, पुस्तके देतात, फी भरतात. हे सारे उचितच आहे. त्या यादीत यापुढे दरवर्षी एक हत्यारांची पिशवीही असावी, आणि ती आय.टी.आय. उत्तीर्ण झालेल्या मुलास वा मुलीस त्याच व्यासपीठावर, तितक्याच टाळ्यांच्या गजरात मिळावी, अशी विश्वस्तांस नम्र विनंती आहे. पिशवीला लागणारा पैसा थोडा. टाळ्यांना तर काहीच पडत नाही. परंतु त्या टाळ्या ऐकून सभागृहात बसलेल्या एखाद्या वडिलांचा उतरलेला चेहरा उजळला, तर कलाभवनाच्या या नगरीत आपण काही तरी शिकलो असे म्हणता येईल.