अर्धवट फाटलेल्या खंडाच्या काठाने

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरातून हायवे 61 धरून ईशान्येला निघालात, की उजव्या हाताला पाणी लागतं आणि ते संपतच नाही. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा खडकांवर फुटत असतात, कड्यावर दीपगृह असतं, तीनशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं क्षितिजावरून सरकत असतात. सगळा थाट समुद्राचा! पण खाली उतरून ते पाणी चाखलंत तर मिठाचा कणही नाही. हे सुपीरियर सरोवर. त्याचं क्षेत्रफळ सुमारे 82,100 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खी बावीस गोवा राज्यं त्यात मावतील. जगातल्या सगळ्या नद्या-सरोवरांमध्ये मिळून जेवढं गोडं पाणी आहे, त्यातलं जवळपास दहा टक्के या एकाच ठिकाणी साठलेलं आहे.

सरोवराभोवतीची पूर्ण फेरी सुमारे 2,000 किलोमीटरची. ती डुलुथहून उत्तर काठाने सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात, त्यामुळे या दिशेने जाताना सरोवर कायम आपल्याच बाजूला राहतं.

पण एवढं पाणी मावेल असा खळगा जमिनीत पडला कसा? उत्तर रस्त्याच्या कडेलाच आहे. जिथे डोंगर कापून रस्ता काढलाय, तिथला खडक नीट बघा. काळा, घट्ट, थरांवर थर. सह्याद्रीचा घाट चढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटेल, आणि तो आहेच ओळखीचा. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा मात्र 110 कोटी वर्षांपूर्वीचा! तेव्हा पृथ्वीवर ना झाड होतं, ना प्राणी.

त्या काळी उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटायला लागला होता. ही भेग पार आजच्या कॅन्ससपर्यंत गेली. तिच्यातून लाव्हा उसळत राहिला, इतका की काही ठिकाणी थरांची जाडी दहा किलोमीटरच्याही पुढे गेली. भेग अशीच रुंदावत राहिली असती, तर इथे खराखुरा महासागर तयार झाला असता. पण ती थांबली. लाव्ह्याच्या वजनाने मधली जमीन खचली, आणि म्हणून मिनेसोटाच्या काठावरचे थर सरोवराकडे कललेले दिसतात. समोर, मिशिगनच्या काठावरचेही सरोवराकडेच कललेले! दोन्हीकडून पाण्याखाली शिरणारे हे थर म्हणजे एकाच खचलेल्या पट्ट्याच्या दोन कडा. पुढे हिमयुगांतल्या बर्फाने हीच जागा खरवडून खोल केली. आज सरोवराचा तळ 406 मीटरपर्यंत खाली जातो, म्हणजे समुद्रसपाटीच्याही दोनशेहून अधिक मीटर खाली. समुद्रापासून इतकं दूर, खंडाच्या पोटात!

काठावरच्या गोट्यांत लालसर पट्ट्यांचे अकीक सापडतात. लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे थिजून पोकळ्या उरल्या, आणि त्यांत खनिजांचं पाणी झिरपून वर्तुळावर वर्तुळ साचत गेलं. आपल्या दख्खनच्या खडकातले अकीक असेच घडले. दोन खंड, मध्ये शंभर कोटी वर्षांचं अंतर, आणि कृती तीच.

वाटेत स्प्लिट रॉक दीपगृह लागतं. नोव्हेंबर 1905 च्या भयंकर वादळात या सरोवरावर अनेक जहाजं सापडली, त्यानंतर 1910 मध्ये ते उभं राहिलं. तेव्हा इथे रस्ताच नव्हता. बांधकामाचं सगळं सामान बोटींतून आणून यारीने उभ्या कड्यावरून वर ओढून घेतलं होतं.

त्याच्या पुढे ब्रूल नदीवरचा 'डेव्हिल्स केटल' धबधबा आहे. इथे नदी दोन भागांत विभागते. एक भाग सरळ खाली पडतो आणि दुसरा कातळातल्या एका खोल रांजणखळग्यात शिरून गडप होतो. कुठे जातं ते पाणी? लोकांनी कित्येक वर्षं तर्क लढवले. अखेर 2016 मध्ये मिनेसोटाच्या जलतज्ज्ञांनी साधा उपाय केला: धबधब्याच्या वर आणि खाली नदीचा प्रवाह मोजला. वर सेकंदाला 123 घनफूट, खाली 121. म्हणजे फरक नाहीच! गडप झालेलं पाणी थोड्याच अंतरावर पुन्हा नदीत मिसळतं.

कॅनडात शिरल्यावर निपिगॉनचा पूल येतो. जानेवारी 2016 मध्ये या नव्या पुलाचा पृष्ठभाग थंडीत एका टोकाला वर उचलला गेला आणि वाहतूक थांबली. पूर्व आणि पश्चिम कॅनडाला जोडणारा देशातला रस्ता इथे एवढा एकच आहे, त्यामुळे काही तास देशाचे दोन तुकडे पडले होते. सरोवराच्या या काठाचा दुर्गमपणा त्या एका घटनेत कळतो. याच काठावर पुढे लागणाऱ्या आगावा आणि वावाच्या बाजूचा रस्ता तर 1960 मध्ये पूर्ण झाला.

टेरेस बे या गावाशी मात्र जरूर थांबा. इथे सरोवराच्या जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या आजच्या पाण्यापासून बऱ्याच उंचावर दिसतात. पाणी आटलं का? नाही, जमीन वर आली! हिमयुगात प्रचंड जाडीच्या बर्फाने ती दाबून धरली होती. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी ती अजून वर येतेच आहे, आणि ईशान्येकडे सगळ्यात वेगाने. पाण्याने भरलेली परात एका कडेने अलगद उचलली की पाणी दुसऱ्या कडेला चढतं ना? तेच इथे चाललंय. टेरेस बेची बाजू उचलली जातेय आणि तिकडे डुलुथला सेंट लुई नदीचं मुख शतकाला वीतभर या गतीने बुडत चाललंय.

आगावाच्या कड्यावर इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांनी लाल गेरूने चित्रं काढली आहेत. शिंगं असलेला जलदेव मिशिपेशू, होड्या, साप. लाटा अगदी चित्रांच्या पायथ्याशी आदळतात. सरोवर शांत असेल तेव्हाच तिथल्या निसरड्या कातळावर जावं.

उत्तर काठाच्या शेवटी सू सेंट मेरी शहर. सरोवराचं पाणी बाहेर पडतं ते इथूनच. एवढा साठा बदलायला सरासरी 191 वर्षं लागतात. हे पाणी ह्युरॉन सरोवराकडे सुमारे साडेसहा मीटर खाली उतरतं, आणि जहाजांना चढ-उतार करता यावी म्हणून 1855 पासून इथे जलपाश (लॉक) आहेत. लोखंडाचं खनिज उतरवून परतणारं लांबलचक जहाज आत शिरतं, दार मिटतं, झडपा उघडतात आणि ते सावकाश वर येऊ लागतं. त्यासाठी एकही पंप लागत नाही. वरून आपल्या वजनाने उतरणारं सुपीरियरचं पाणीच त्याला उचलतं.