घरगुती विद्युत गिटारसाठी लाकडाची निवड : ‘रेड स्पेशल’च्या संदर्भात

प्रस्तावना :

मिरजेच्या सतारीत तारेचे कंपन घोडीवाटे तबलीकडे जाते व तबली हवेला हलवून नाद उत्पन्न करते. तेथे लाकडाची पारख म्हणजे आवाजाचीच पारख होय. विद्युत गिटारमध्ये मात्र पोलादी तार हलली की पिकअपमधील चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि तोच ध्वनिवर्धकाकडे जातो. मग धड आणि त्यावरील दर्शनी थर यांच्या लाकडाला महत्त्व कितपत? हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. महोगनी व मेपलशिवाय गिटार होतच नाही, या समजुतीने घरी वाद्य करू पाहणारा विद्यार्थी आरंभीच माघार घेतो. प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

विषय विवेचन :

इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९६३ मध्ये ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने वडील हेरॉल्ड मे यांच्या साहाय्याने गिटार करावयास घेतली. विकतची गिटार परवडण्यासारखी नव्हती. हीच ‘रेड स्पेशल’ पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदात (पाचगणीत शिकलेले फ्रेडी मर्क्युरी याच वृंदाचे गायक) जगभर वाजली. तिची मान शेकोटीच्या जुन्या महोगनी चौकटीतून कोरलेली असून लाकडातील किडीची भोके काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली आहेत. धडाच्या मध्यभागी जुन्या टेबलाचे ओक लाकूड आहे. दोन्ही बाजूंना ब्लॉकबोर्ड, आणि वर पातळ महोगनी व्हिनिअर.

ही निवड गरिबीची असली तरी अविचाराची नव्हे. सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४० ते ५० किलोग्रॅम भाराइतका असतो. मान आणि घोडी यांमधील भाग लवचिक असेल तर तारेची ऊर्जा तेथे खर्ची पडते व स्वर लवकर विझतो. म्हणून कठीण ओक नेमके मध्यभागी. बाजूच्या भागांवर हा ताण येत नसल्याने तेथे हलके, न वाकणारे ब्लॉकबोर्ड पुरते. जुन्या लाकडाचा आणखी एक लाभ असा की ते पूर्ण वाळलेले असते. ओले लाकूड मागाहून आकसते, पिळते, आणि मग सूर जुळवून ठेवणे अशक्य होते.

वजनाचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. साडेचार सेंटिमीटर जाडीच्या भरीव धडाचे आकारमान सुमारे ४,५०० घन सेंटिमीटर धरले, तर महोगनीचे धड अडीच किलोच्या आसपास, सागवानाचे तीन किलोच्या आसपास आणि शिसवीचे त्याहूनही जड भरते. तासभर खांद्यावर वागवणाऱ्याला हा फरक लाकडाच्या नावापेक्षा अधिक जाणवतो! सागवान वापरावयाचे झाल्यास त्यातील तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी पृष्ठभाग द्रावकाने पुसून घ्यावा लागतो.

दर्शनी थराविषयी गैरसमज अधिक आहेत. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या ‘लेस पॉल’ गिटारमध्ये महोगनीवर मेपलचा जाड थर होता. पण तो सोनेरी रंगाखाली झाकलेला होता. १९५८ मध्ये पारदर्शक रंग आल्यावर मेपलची नक्षी दिसू लागली आणि तिला मोल आले. ‘रेड स्पेशल’वरील व्हिनिअर तर एवढे पातळ आहे की त्याचे कार्य मुख्यतः शोभेचे मानावे लागते.

तथापि लाकूड पूर्णतः गौण आहे असेही म्हणता येत नाही. मे यांना ध्वनिवर्धकासमोर उभे राहिले असता वाद्य स्वतःहून निनादावे असे हवे होते, म्हणून धडात पोकळ्या ठेवल्या गेल्या. मोठ्या आवाजात हवेची कंपने धडात शिरतात व तारांना पुन्हा चेतवतात. त्याच वेळी पिकअपची नकोशी किंकाळी थांबवण्यासाठी त्यांत अॅराल्डाइट ओतावे लागले. पोकळीवर व्हायोलिनसारखे छिद्र पाडण्याचा त्यांचा मूळ बेत होता. ते छिद्र मात्र कधीच पाडले गेले नाही.